पिओरियाची बुरशी आणि पिंपरीचा कारखाना

एखाद्या प्रांताच्या आर्थिक उन्नतीचा आराखडा करावयास बसलेल्या अधिकाऱ्यापुढे जे कागद सामान्यतः असतात, त्यांत जमिनीचा नकाशा असतो, पर्जन्यमानाचे तक्ते असतात, धरणे व कालवे, रस्ते व लोहमार्ग, वीज व खनिजे यांची मोजदाद असते; मनुष्यबळाचाही एक रकाना असतो आणि त्यात साक्षरांची व पदवीधरांची संख्या काळजीपूर्वक भरलेली असते. परंतु त्या प्रांतातील कोणत्या प्रयोगशाळेच्या शीतकपाटात कोणत्या बुरशीचे वाण जपून ठेवले आहे, लस टोचलेल्या घोड्यांचे रक्तजल काढण्याची विद्या कोणत्या संस्थेत जिवंत आहे, खेड्यापाड्यांतील गाईंच्या पैदाशीची नोंद कोणाच्या दफ्तरी आहे, यांसाठी त्या तक्त्यांत बहुधा रकानाच नसतो. जीवशास्त्रांचे प्रादेशिक नियोजनात स्थान कोणते, या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर या रिकाम्या जागेशी निगडित आहे. जीवशास्त्रावर उभा राहणारा उद्योग कोणत्याही मुलखात केवळ भूखंड आखून आणि निविदा काढून आणता येत नाही. तो अगोदर, पुष्कळदा निराळ्याच हेतूने, स्थापन झालेल्या आणि दोन-तीन पिढ्या नेकीने सांभाळलेल्या संस्थांच्या आश्रयाने वाढतो, असे पुण्याच्या परिसराचा गेल्या शतकातील इतिहास पाहता माझे मत झाले आहे. त्या इतिहासाचा एक धागा मात्र थेट अमेरिकेतील मक्याच्या शेतांत जाऊन पोहोचतो, म्हणून प्रारंभ तेथून करणे इष्ट.

१९३० नंतरच्या महामंदीत अमेरिकेच्या मध्यभागातील शेतकऱ्यांपुढे जे संकट उभे राहिले ते टंचाईचे नसून विपुलतेचे होते. मका उदंड पिकत होता आणि त्याला भाव येत नव्हता. १९३८ च्या कृषिविषयक कायद्यान्वये त्या सरकारने देशाच्या चार विभागांत चार प्रादेशिक संशोधनशाळा स्थापन करण्याचे ठरविले आणि प्रत्येकीवर आपापल्या विभागातील अतिरिक्त शेतमालाचे नवे उपयोग शोधून काढण्याची जबाबदारी सोपविली. मक्याच्या मुलखासाठी इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावी जी शाळा उघडली तिच्यात किण्वनाचा, म्हणजे बुरशी व जंतू यांच्याकडून उपयुक्त द्रव्ये करवून घेण्याच्या विद्येचा, एक विभाग होता. औषधे निर्माण करणे हे या शाळेचे काम नव्हते. मक्याला गिऱ्हाईक शोधणे हे तिचे काम होते.

१९४१ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डचे दोन संशोधक, हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली, पेनिसिलिनची बुरशी घेऊन अमेरिकेस गेले. इंग्लंडवर बाँब पडत होते, तेथील कारखाने युद्धसाहित्यात गुंतलेले होते आणि ऑक्सफर्डमध्ये उथळ भांड्यांतून वाढविलेल्या बुरशीपासून मिळणारे औषध एका रुग्णालाही धड पुरत नव्हते. कोणी तरी त्यांना पिओरियाचा रस्ता दाखविला. तेथील अँड्र्यू मॉयर या शास्त्रज्ञाने बुरशीच्या खाद्यात, स्टार्च काढण्यापूर्वी मका भिजत घातल्यावर जे पाणी उरते ते आटवून केलेला काढा घालून पाहिला. हा काढा म्हणजे त्या मुलखातील स्टार्चच्या गिरण्यांची टाकाऊ डोकेदुखी होती आणि तिचा काही तरी उपयोग निघावा म्हणून पिओरियात तो जवळजवळ प्रत्येक प्रयोगात घालून पाहण्याची वहिवाट पडली होती. पेनिसिलिनचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. पुढे १९४३ मध्ये त्याच गावच्या बाजारातील एका नासलेल्या खरबुजावर बुरशीचे असे एक वाण सापडले की, जे खोल टाक्यांत उत्तम वाढे आणि भरपूर औषध देई. क्ष-किरणांनी व अतिनील किरणांनी त्यात बदल घडवून आणखी सरस वाण काढण्यात आले. आज जगातील कारखान्यांत वापरली जाणारी पेनिसिलिनची वाणे बहुतांशी त्या खरबुजाच्या कुळातील आहेत.

ही हकीकत वैद्यकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती क्वचितच सांगितली जाते, याची मला खंत वाटते. पिओरियाची संशोधनशाळा ही सर्वार्थाने प्रादेशिक नियोजनाची निर्मिती होती. तिची जागा एका विभागाच्या पिकाकडे पाहून ठरली, तिच्या खर्चाची तरतूद शेतकऱ्यांच्या कायद्यात झाली आणि तिने जो लाभ मिळवून दिला तो त्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता. त्यांनी एवढेच केले की, एका विभागाच्या खऱ्या अडचणीशी जोडलेली विद्या तेथे वसविली आणि तिला काम करीत राहण्यापुरते द्रव्य दिले.

आता पिंपरीकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत हिंदुस्थानात पेनिसिलिन परदेशांतून येई आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालक निधी यांच्या साहाय्याने भारत सरकारने स्वतःचा कारखाना काढण्याचे ठरविले. या कल्पनेच्या पाठपुराव्यात साहिबसिंग सोखी यांचा मोठा वाटा होता. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेतील उच्च अधिकारी. परळच्या प्रयोगशाळेत औषधे व लसी देशातच व स्वस्तात करण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता आणि तो त्यांच्याबरोबर जिनिव्हापर्यंत गेला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. मुंबई-पुणे लोहमार्ग जवळून जात होता, पवनेचे पाणी होते, सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्यापासून टाटांनी निर्माण केलेली वीज होती, आणि काही मैलांवर पाषाण येथे १९५० च्या जानेवारीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे दार उघडले होते.

पेनिसिलिनच्या कारखान्यात प्रत्यक्ष काय चालते हे थोडे समजून घेतल्याशिवाय अशा उद्योगाने भोवतालच्या मुलखाला काय मिळते हे उमगणार नाही. दोन-तीन मजली उंचीच्या पोलादी टाकीत साखर, नत्रयुक्त खाद्य आणि क्षार यांचे पाणी भरतात, वाफेने ते निर्जंतुक करतात आणि मग काचेच्या लहानशा नळीतून क्रमाक्रमाने मोठ्या भांड्यांत वाढवीत आणलेली बुरशी त्यात सोडतात. टाकीत अखंड हवा फुंकावी लागते, ती हवा निर्जंतुक असावी लागते. ढवळणारे पाते थांबून चालत नाही. तापमान दोन-चार अंशांनी चढले की उत्पन्न घसरते, फेस वाढला की टाकी उतू जाते. सगळ्यांत मोठे भय परक्या जंतूचे. पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य स्रवणारे जंतू निसर्गात जागोजाग असतात, आणि एखाद्या झडपेच्या सांध्यातून त्यांतला एखादा आत शिरला तर काही दिवसांचे श्रम आणि शेकडो मण माल एका रात्रीत गटारात सोडून द्यावा लागतो. त्यामुळे पाळीवरचा साधा कामगारही स्वच्छतेची अशी शिस्त अंगी बाणवितो की जी कोणत्याही पुस्तकातून येत नाही. झडप उघडण्यापूर्वी वाफ किती वेळ द्यावयाची, नमुना कसा काढावयाचा, रात्री तीन वाजता नोंदवहीतला आकडा खरा कसा लिहावयाचा, हे त्याच्या हाताला कळते. असे हजारो हात पिंपरीत तयार झाले. कंपनीच्या ताळेबंदात त्यांची नोंद वेतनाच्या खर्चात होत राहिली.

त्याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. त्याला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे शास्त्रीय नाव दिले आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळविले. पुढे त्याच विभागातून आलेले ऑरिओफंगिन हे द्रव्य पिकांवरील बुरशीच्या रोगांसाठी वापरात आले. मावळच्या सीमेवरच्या एका खेड्याचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात असे नोंदले गेले, याचे महाराष्ट्रात फार थोड्यांना स्मरण आहे. उद्योगांसाठी भूखंड आखून देणारे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले ते १९६२ मध्ये. पिंपरी-चिंचवडची जी कीर्ती पुढे मोटारींच्या कारखान्यांमुळे झाली तिच्या बरीच आधी या माळरानावर जीवशास्त्राचा कारखाना चालू झाला होता.

याच सुमारास पुण्यात निराळ्याच वाटेने आणखी एक संस्था आली. डास व गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये येथे विषाणू संशोधन केंद्र काढले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा त्या नव्या विषाणूचा छडा या केंद्राने लावला. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. या संस्थेने जवळजवळ सत्तर वर्षांत पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात किती भर घातली, असे कोणी विचारले असते तर २०१९ पर्यंत त्याचे उत्तर कोणालाही देता आले नसते.

परळच्या हाफकिन संस्थेचा उल्लेख वर आला आहे. पुण्याच्या अर्थव्यवहाराशी तिचा दुसरा एक संबंध घोड्यांमुळे आला. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचे नाव मिळाले. धनुर्वात, सर्पदंश यांवरील प्रतिविष तयार करण्यासाठी घोड्याला विषाची सौम्य मात्रा वाढत्या प्रमाणात टोचतात आणि त्याच्या रक्तातून रक्तजल वेगळे काढतात. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे या कामी येत आणि पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातून ते हाफकिनला जात. जो घोडा आपण देऊन टाकतो त्याच्यापासून होणारे औषध आपणच का करू नये, हा विचार सायरस पूनावाला यांच्या मनात आला आणि १९६६ मध्ये हडपसरजवळ सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. प्रारंभीच्या काळात हाफकिनमध्ये मुरलेले तज्ज्ञ त्यांना मिळाले, ही गोष्ट भांडवलापेक्षा कमी मोलाची नव्हती. २०१० च्या अखेरीस आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातील मेंदुज्वराविरुद्धची लस या कारखान्याने अर्ध्या डॉलरहून कमी दरात देऊ केली आणि बुर्किना फासोपासून तिचे टोचण सुरू झाले. २०२१ च्या जानेवारीत कोविडविरुद्धच्या देशव्यापी लसीकरणासाठी लशीच्या पेट्या घेऊन मालमोटारी सीरमच्या मांजरी येथील कारखान्यातून निघाल्या. त्या लसीकरणात वापरलेली दुसरी लस हैदराबादच्या कारखान्याने केली, परंतु तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा करून दिला होता.

हैदराबादची कथाही मुळात निराळी नाही. तेथील ‘जीनोम व्हॅली’ या जैवतंत्र उद्योगांच्या वसाहतीची घोषणा १९९९ मध्ये झाली आणि पुष्कळांना वाटते की, त्या घोषणेने उद्योग आला. परंतु त्याआधी तेथे सरकारी इंडियन ड्रग्जचा कारखाना होता, जेथे नोकरी केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. १९७७ पासून पेशी व रेणू जीवशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र होते. आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या शांता बायोटेक्निक्सने त्या घोषणेपूर्वीच कावीळ ब ची स्वस्त लस बाजारात आणली होती. घोषणेने जे रुजलेले होते त्याला कुंपण व रस्ता दिला. तेही आवश्यकच होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो न्याय्य आहे: या सर्व उद्योगांनी पुण्यासारख्या आधीच संपन्न असलेल्या शहरात भर घातली, जालना, परभणी, यवतमाळ यांना त्यातून काय मिळाले? १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्रादेशिक असमतोलाची चौकशी करण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पशुवैद्यकीय सेवा इत्यादी क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजून एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला. हे काम फार मोलाचे होते, अनुशेष हा शब्द त्यामुळेच मराठी राजकारणाच्या तोंडी बसला. पण त्या मोजणीच्या स्वभावानुसारच पशुवैद्यकीय सेवा म्हणजे दवाखान्यांची संख्या असा अर्थ झाला. पैदाशीची विद्या, रोगनिदानाची विद्या, त्या मुलखातील पिकाचे वाण सुधारण्याची विद्या किती मागे आहे, हे मोजण्याचे माप तेव्हा कोणाकडे नव्हते आणि आजही फारसे नाही.

विखुरलेल्या खेड्यांत जीवशास्त्र कसे पोहोचते याचा सर्वांत बोलका दाखला उरुळी कांचनचा आहे. गांधीजींनी १९४६ मध्ये तेथे निसर्गोपचार केंद्र काढले आणि मणिभाई देसाई यांना मागे ठेवले; मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि देशी गाईंचा जर्सी व होल्स्टिन वळूंशी संकर करून अधिक दूध देणारी जनावरे लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात नेण्याचे काम हाती घेतले. शास्त्राच्या दृष्टीने कृत्रिम रेतन ही तेव्हा नवी गोष्ट राहिली नव्हती. नवीन होते ते तिचे वाटप. गाय माजावर येते ती एक दिवसही पुरता टिकत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी तिला भरवावी लागते, ती वेळ चुकली की तीन आठवड्यांचे खाद्य व्यर्थ. म्हणून गाय दवाखान्यात नेण्याऐवजी तंत्रज्ञानेच शेतकऱ्याच्या दारी जावयाचे, अशी योजना झाली. द्रवरूप नत्राने भरलेले पात्र, ज्यात तापमान शून्याखाली १९६ अंश असते, त्यात वळूच्या रेताच्या बारीक कांड्या. दुचाकीवरून खेडोपाडी फिरणारा प्रशिक्षित तरुण. कोमट पाण्यात कांडी वितळवून अर्ध्या मिनिटात कामाला लागणारे हात. आणि वहीत लिहिलेली तारीख, ज्या तारखेवरून तीन महिन्यांनी तो गाभण तपासावयास येणार. एका केंद्राने किती गावे घ्यावीत हे येथे शासकीय हद्दींवरून ठरत नाही, गाईच्या माजाच्या तासांवरून ठरते. मला तर असे वाटते की, प्रादेशिक नियोजनात जीवशास्त्राचा प्रवेश ज्या दिवशी खऱ्या अर्थाने होईल त्या दिवशी अशा प्रकारची मोजमापे तालुक्याच्या आराखड्यात दिसू लागतील.

संस्था स्थापणे हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा, म्हणजे ती सांभाळणे, आपणांस नीट जमलेला नाही, हे कबूल केले पाहिजे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची गेल्या शतकाच्या अखेरीस आजारी उद्योगांत गणना झाली. परदेशातून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले, दरांवर नियंत्रण होते, यंत्रे जुनी झाली आणि नव्या वाणांवर, नव्या टाक्यांवर खर्च करण्यास कोणी तयार झाले नाही. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखान्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्यास मंजुरी दिली. जमिनीचा बाजारभाव ठरविता येत होता, म्हणून ती हिशेबात आली. पन्नास वर्षांत साठविलेले सूक्ष्मजीवांचे वाण आणि त्यांना हाताळणाऱ्यांचे ज्ञान यांचा भाव कोणत्या मूल्यमापकाने लावला असेल, याची मला शंका आहे. दुधाच्या घरात विरजणाचा कटोरा जितका जपतात निदान तितके तरी हे वाण जपले गेले पाहिजेत, कारण एकदा गेलेले विरजण पैसे टाकून त्याच चवीचे पुन्हा मिळत नाही. सुदैवाने पाषाणच्या प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. गोठवून शुष्क केलेल्या आणि काचेच्या लहान कुप्यांत बंद केलेल्या जंतूंचा, बुरशींचा व किण्वांचा हा ठेवा देशातील विद्यार्थ्यांना व कारखानदारांना मागतील तेव्हा मिळतो. त्यावर होणारा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या तुलनेत नगण्य आहे, आणि तरीही अंदाजपत्रकात काटछाट करावयाची वेळ आली की अशाच लेखाशीर्षांवर प्रथम लेखणी फिरते.

महाराष्ट्रात अशा संस्था आज पुण्याबाहेरही आहेत. नागपुरात कापसाची व संत्रावर्गीय फळांची, सोलापुरास डाळिंबाची, राजगुरुनगरास कांदा-लसणीची राष्ट्रीय पातळीवरील संशोधन केंद्रे आहेत. सोलापूर-सांगोल्याकडचा कोणताही बागायतदार ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाने एका पावसाळ्यात बाग कशी बसते हे सांगू शकेल, आणि त्या रोगाशी झुंजणाऱ्या प्रयोगशाळेचे मोल त्याला कोणत्याही नियोजनकारापेक्षा अधिक कळते. तथापि जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात या केंद्रांचे नाव क्वचितच येते, कारण ती दिल्लीची मानली जातात. ही वहिवाट बदलली पाहिजे. ज्या जिल्ह्यात असे केंद्र आहे तेथील समितीने त्याच्या भोवती रोपवाटिका, रोगनिदानाची तालुका प्रयोगशाळा, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि त्या पिकावर चालणारा किण्वनाचा वा प्रक्रियेचा उद्योग यांसाठी दरवर्षी ठरावीक तरतूद करावी, आणि ज्या जिल्ह्यात असे केंद्र नाही तेथील लोकप्रतिनिधींनी रस्त्याच्या व बंधाऱ्याच्या मागणीबरोबर आपल्या मुख्य पिकाच्या किंवा जनावराच्या संशोधनशाळेचीही मागणी सभागृहात लावून धरावी. मतदारांनीही ती त्यांच्याकडे मागितली पाहिजे.